सुवर्णाची मुलाखत आणि आमचं नेट

आमच्या घरचं नेट मंद झालं, तेव्हा ते दुरुस्त करायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. त्यामुळे ते पुढचे चार दिवस दुरुस्त झालं नाही.

त्या हंगामात बीटीचं बियाणं लावूनही अर्धा कापूस बोंडअळीने खाल्ला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला भाव नव्हता. मग आमच्या वरवट बकाल गावात सगळ्यांनी केलं तेच मीही केलं. भाव चढेपर्यंत कापूस घरात भरला. समोरची खोली छतापर्यंत गच्च झाली (रचला मीच, पायांनी तुडवून तुडवून), आणि आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो.

नेमकं तेव्हाच नेट बिघडलं. बायकोने मालिका लावली की मोबाइलवर चाक फिरायचं. नायिकेने रडायला उघडलेलं तोंड मिटायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण आमच्या सुवर्णाची गुरुवारी अकरा वाजता नोकरीची मुलाखत होती, तीही व्हिडिओवर. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत बोलण्यापुरतीच. पोरीने दोन वर्षं या संधीची वाट पाहिली होती. घरात शेतीबाहेरचा पहिला पगार येणार होता.

"बाबा, नेटचं काय झालं?"

"लागलो ना मी कामाले."

कामाला लागलो म्हणजे आधी सगळ्यांचे मोबाइल बंद करून चालू केले. मग घराचं मेन स्विच पाडून पुन्हा चढवलं, त्यात बायकोने घरच्या गिरणीत लावलेलं दळण अडकलं. मग हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, राउटरवरचा हिरवा दिवा लागतोय का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"लागतो," मी न बघताच सांगितलं. (अडाणी दिसायचं नव्हतं.)

दिवा लागतोय म्हटल्यावर संशय शेजारच्या रहीमभाईंवर गेला. ते गाद्या भरतात, माणूस देवासारखा, तरीही गेला.

"रहीमभाई, आमचं नेट तुमी वापरून राह्यले का?"

"भाऊ, माह्यापाशी तं बटनवाला मोबाइल हाये."

ते रागावलेही नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. गुरुवारी दहा वाजता मी वायर सरळ करायला छतावर चढलो. खालून रहीमभाई काळजीने बघत होते.

"भाऊ, पन तो नेटचा डब्बा हाये कुठं?"

मी वायर सोडली आणि खाली उतरलो. डब्बा समोरच्या खोलीच्या कोनाड्यात होता.

"त्याच खोलीत कापूस रचला ना तुमी?" बायकोने विचारलं.

"हाव."

"मंग चार दिवस काऊन नाई बोलले?"

"कोणी इचारलं नाई."

चौघांनी मिळून कापूस उपसायला घेतला. रहीमभाईंचे हात सरावाचे, आम्ही तिघं मिळून काढत होतो तेवढा ते एकटे काढत होते. पावणेअकराला डब्बा सापडला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा तापला होता.

"आग लागली असती तं?" बायको हळूच म्हणाली. मी डब्ब्याभोवतीचा कापूस दोन्ही हातांनी मागे ओढला.

डब्बा दुसरीकडे हलवायला वेळ नव्हता. कापसात झालेल्या खड्ड्यातच सुवर्णाने पाटावर मोबाइल ठेवला, केसांतला कापूस काढला आणि मुलाखत सुरू झाली. चेहरा, आवाज, सगळं ठणठणीत. मला दाराबाहेर बसवण्यात आलं होतं.

"कामात अडचण आली तर तुम्ही ती कशी सोडवता?" पलीकडून प्रश्न आला.

सुवर्णा क्षणभर थांबली. "सर, आधी वडिलांना बाजूला करते. मग अडचण अर्धीच उरते."

पलीकडचे तिघं हसले. ते हसणं एकदाही न अडकता, शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

सुवर्णाला नोकरी लागली. तिच्या यशात वडिलांचा मोठा वाटा आहे, असं मी गावभर सांगतो. कोणता, ते ती सांगते.