देश सोडून लीग धरणारा खेळाडू

मुलाच्या आवडत्या परदेशी क्रिकेटपटूनं देशाचा संघ सोडून लीग धरली, अशी बातमी टीव्हीवर आली. कोयत्याला धार लावता लावता मुलगा भडकला. "गद्दार हाय, आई! पैशापायी देश सोडला."

मी म्हटलं, "माजलगावचा कारखाना सोडून तू उद्या कर्नाटकात ऊस तोडायला कशापायी चाललास?"

"तिथं भाव जास्त हाय. मला पोट हाय. त्याला काय कमी पडलंय?"

बोलणं खरं होतं, पण मला चैन पडेना. घराला पक्का स्लॅब झाला, पोट भरलं, तरी मी अन् नवरा चार हंगाम तोडीला जातच राहिलो. हा आजीजवळ रडायचा.

मी विचारलं, "मग मलाबी गद्दार म्हणशील?"

"तवा म्हणतच हुतो. तू ट्रॅक्टरवर बसून गेलती, तुला ऐकू कुठं येणार?"