काटा थांबेपर्यंत

मी स्वभावानं उतावळा. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, ही म्हण आईनं माझ्यासाठीच राखून ठेवली होती. आणि अशा माणसाला नव्वदच्या दशकात नोकरी लागली ती महाडच्या एमआयडीसीत, दाबाचे नि वजनाचे काटे दुरुस्त करायची!

पहिल्याच आठवड्यात मी पंपावरच्या गेजचा आकडा घाईघाईनं सांगितला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "अरे, काटा नाचतोय आणि तू आकडा सांगतोस? जोर पडला की स्प्रिंग आधी पुढं धावते, मग मागं येते, परत पुढं. शांत झाली की खरं बोलते." मग जवळ बसवून समजावलं. काट्याला लगाम कमी पडला तर तो नाचत राहतो, जास्त पडला तर सरकायलाच तयार नसतो, मधलं जमवायचं. म्हणून तर काही गेजमध्ये ग्लिसरीन भरतात. तेव्हा मला भयंकर राग आला होता. आज त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात, ते माझ्या पुतणीमुळं.

भाऊ मुंबईला कामाला. वहिनी, आई आणि भावाची तान्ही मुलगी पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या आमच्या वाडीत. एकदा सुट्टीला गेलो तर मुलांची वजनं करणाऱ्या बाई आलेल्या. पडवीच्या वाशाला गोल तबकडीचा काटा टांगला होता, त्याला झोळी. आईनं पोरीला झोळीत सोडलं, काटा उसळून, बाईंनी तिच्या वयाप्रमाणं तबकडीवर आखलेल्या तांबड्या रेघेपलीकडं गेला, आणि आई ओरडली, "बगा, गेला पल्याड!" दुसऱ्या क्षणी पोर उचलून छातीशी. दर महिन्याला हे असंच चालायचं. आमच्याकडं तान्ह्या पोराला काट्यावर लोंबकळत ठेवत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. शिवाय आईनं जन्मभर कोंबड्या विकलेल्या. व्यापारी काटा खाली आला की आकडा धरणार, आई वर गेला की धरणार. पहिली उसळी हेच तिच्या लेखी खरं वजन. तिच्यापुढं त्या बाईंचंही काही चालत नसे.

"आई, काटा थांबला कुठं? ती नुसती उसळी होती," मी म्हटलं.

"तू गप रे! आला मोठा काटेवाला. माज्या नातीला नजर लावशील."

माझं डोकंच फिरलं. पण मग पोरीकडं नीट बघितलं. मनगटं काटक्यांसारखी, रडणंसुद्धा बारीक. वजन रेघेच्या आत असेल तर तिला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि घरात तर सगळे निर्धास्त!

आईशी भांडून काही होत नाही. म्हटलं, "तुझ्याच हातानं कर. फक्त पोर झोपू दे, आणि झोळीत एकदम सोडू नको. खाली हात ठेव आणि हळूहळू काढ." आई कुरकुरली, पोरीच्या गालाला काजळाची तीट लावली, मीठमोहऱ्या ओवाळल्या, तेव्हा कुठं राजी झाली. तिनं हात इतक्या सावकाश काढला की पोरीची झोपही मोडली नाही. काटा उसळला नाही. सरकत सरकत आला आणि उभा राहिला. रेघेच्या बराच आत.

आई खेकसली, पण माझ्यावर नाही, काट्यावर. "फसवलंस रं मेल्या मला!" आणि पदर खोचून वहिनीला म्हणाली, "ऊठ गो, चल. उन्हं उतरायच्या आत खाली जायाचं हाय." मानी बाई, हट्टाला पेटली असती तर? तिच्या त्या 'ऊठ गो'चे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

डोंगर उतरलो, पायथ्याच्या कापडे गावात जीप मिळाली. वहिनी जीपमध्ये हळूच म्हणाली, "भावजी, मला ठावं व्हतं. हातात घेतली की हलकी लागायची. पन काटा दर म्हयन्याला पल्याड जायाचा. मला वाटलं, माजेच हात खोटं सांगत्यात."

महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं, वेळेत आणलंत. पोरीची छाती भरली होती, दूध ओढायची ताकदच नव्हती. त्यांनी मायलेकींना ठेवून घेतलं. आई तिथंच व्हरांड्यात पथारी टाकून राहिली, मी कारखाना सुटला की डबा पोचवायचो. देवाची कृपा, त्या डॉक्टरीणबाईंची त्याहून जास्त. पोर पिऊ लागली, मग हातपाय झाडून रडू लागली. ते रडणं ऐकून आम्ही तिघं हसायचो.

घरी सोडायच्या दिवशी नर्सनं वजनासाठी हात पुढं केले. वहिनीनं पोर दिली नाही. आधी स्वतःच्या दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. मग आईकडं वळून म्हणाली, "आत्याबाय, जड हाय."

गालांवरनं पाणी वाहत होतं. नर्सला म्हणाली, "काट्यावर मागनं ठेवा बाय. जरा थांबा."