आधी कोण ते विचारा

ऑपरेटरबाईंच्या ‘कोण?’ला आमची अख्खी बिल्डिंग घाबरायची. तळमजल्यावर जिन्याला लागून त्यांचं दार, आणि ते कायम अर्धं उघडं. पायरीवर पाऊल वाजलं की आतून प्रश्न यायचा, ‘कोण?’ आवाज असा, की नवा दूधवाला नाव सांगायचा, गाव सांगायचा आणि भाऊ काय करतो तेही सांगून टाकायचा. माझ्या शेजारच्या जिग्नाबेन चपला हातात घेऊन जिना चढायच्या. मीही दोन-तीनदा तसं करून पाहिलं. बाई आतून म्हणाल्या, “अनवाणी कोण?”

फोर्टातल्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. लग्न केलं नाही. भाईंदरला आल्या तेव्हा पश्चिमेला बाजाराच्या मागे मिठागरं दिसायची म्हणे. निवृत्त झाल्यावरही कामाची रीत सुटली नाही. “आधी कोण ते विचारायचं, मग काय काम आहे ते. उलटं केलं की घोटाळा होतो,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायची सवयही त्याच नोकरीतली. तिच्याबद्दल मात्र त्यांनी कधी वाक्य बनवलं नाही.

त्यांच्या कंपनीत एक मुका फोन यायचा. उचलला की पलीकडे काहीच नाही. बाकीच्या मुली शिव्या घालून ठेवून द्यायच्या. बाईंनी एकदा ठेवला नाही, नुसत्या ऐकत राहिल्या, तर श्वास ऐकू आला आणि बोटाने टकटक केल्यासारखं काहीतरी. गोदामातल्या एका माणसाची बहीण होती ती, जन्मापासून बोलता न येणारी. शेजाऱ्यांकडून नंबर फिरवून घ्यायची. भाऊ फोनवर आला, त्याने ‘येतोय गं’ म्हटलं की तिचं काम झालं. बाई ही गोष्ट सांगून थांबायच्या आणि समोरच्याकडे रोखून बघायच्या. बोलत नाही म्हणजे पलीकडे कुणी नाही, असं धरून चालायचं नाही.

आता त्या वेळची मी. मी म्हणजे एक नमुनाच होते. चाळिशी गाठलेली, मुलगा नववीत, नवरा ऑफिसात बढतीच्या रांगेत. केस खांद्यापर्यंत कापलेले, शनिवारी महिला मंडळात व्याख्यानं ऐकायला पहिल्या खुर्चीत. स्वतःला फार पुढारलेली समजायचे. झुरळ दिसलं की पलंगावर चढायचे, ती गोष्ट वेगळी. पाळी चुकली तेव्हा मला वाटलं, गेली एकदाची, सुटले. त्या आनंदात मी मंडळातल्या बायकांना घरी बोलावून बटाटेवडे खायला घातले. वड्यांचा वास माझा मलाच सहन होईना तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

भीती मात्र खरी होती. लोक हसतील याची होती, मुलगा तोंड फिरवेल याची होती. आणि मग सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंना बाळाच्या मानेमागे काहीतरी जाड दिसलं. त्या शांत, समंजस बाई होत्या. म्हणाल्या, या वयात असं होऊ शकतं, मूल मतिमंद निघण्याची शक्यता आहे, घरी बोला आणि काय ते ठरवा. मी घरी येऊन सगळं सांगितलं. नवऱ्याने विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, पिशवी साफ करून घेते. पुढच्या आठवड्यातली वेळ ठरली. तेवढे दिवस मी गॅसवर काय ठेवलंय ते विसरत होते.

ऑपरेटरबाईंना कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नसे. माझ्या उलट्या पाइपातून त्यांच्या न्हाणीघरात ऐकू गेल्या. त्या वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कोण आलंय?”

मी म्हटलं, कुणी नाही. अजून नुसता गोळा आहे.

“थोरल्याच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात बाळ बाळ करत माझ्याकडून लोकरीचं टोपडं विणून घेतलंस. हवं तेव्हा बाळ आणि नको तेव्हा गोळा होय गं?”

मी त्यांना मंडळातलं व्याख्यान ऐकवलं. शरीर माझं, निर्णय माझा. वाक्य चांगलंच होतं, अजूनही चांगलंच आहे. बायकांच्या शरीरावर कुणीकुणी हक्क सांगितलाय ते काय मला ठाऊक नाही? बाईंनी ते सगळं मान डोलावून ऐकलं. मग म्हणाल्या, शरीर तुझंच, शंभर वेळा तुझं. पण त्या यंत्रावर डॉक्टरीणबाईंनी तुला जे हृदय ऐकवलं ते कुणाचं होतं? तुझंच असेल तर तुला दोन आहेत.

मग मी जे बोलायला नको तेच बोलले. तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला काय कळणार. बिल्डिंगीत हे त्यांना तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. भीतीने माणूस शूर होतो तो असा. मला वाटलं, आता या दार आपटून जाणार. त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“पोटात कुणाला ठेवलं नाही मी. पण मी स्वतः राहून आलेय ना? माझ्या वेळी माझ्या आईला चार जणांनी असाच सल्ला दिला होता.”

त्यानंतर त्या रोज यायच्या आणि मी रोज घाबरायचे. बिल्डिंगीत एका मुलीने असंच करून घेतलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांना चिडवायला विचारलं, मग तिला का नाही काही बोललात? त्या म्हणाल्या, मला कळलं तोवर होऊन गेलं होतं, मग मी तिला मऊ भात नेऊन देत होते. आधी कळलं असतं तर तिला सोडून पळालेल्याची गचांडी धरली असती, आणि तिच्याजवळ बसले असते, जशी तुझ्याजवळ बसलेय. आईच्या जिवावर बेतलं तर डॉक्टरांनी आईला वाचवावं, त्यात मूल गेलं तर रडावं, त्याला मी पाप म्हणत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण माझ्या जिवावर बेतलं नव्हतं. बेतलं होतं ते माझ्या बेतावर.

माझा शेवटचा मुद्दा मला सर्वांत दयाळू वाटायचा. अशा मुलाला जन्माला घालून त्याचे हाल कशाला करायचे? बाई हळू आवाजात म्हणाल्या, “हाल नकोत म्हणून हाल कमी करतात गं. माणूसच कमी करायचं? आणि खरं सांग, कुणाच्या हालांना भ्यालीस?”

मी खरं सांगितलं नाही. तोंडावर पदर दाबून बेसिनकडे गेले. त्या मागून म्हणाल्या, डॉक्टर चुकतातही.

ठरल्या दिवशी सकाळी मी पिशवीत दोन साड्या आणि एक चादर भरली. नवरा पुढे जाऊन रिक्षा घेऊन आला आणि फाटकाशी उभा राहिला. मी जिना उतरले. दार अर्धं उघडंच होतं. आता भाषण होणार, आता त्या वाट अडवणार. त्यांनी बसल्या जागेवरून नेहमीसारखं विचारलं, “कोण कोण निघालात?”

नवरा आणि मी म्हणजे ‘दोघं’. पहिलीतलं पोरही चुकणार नाही. माझ्या तोंडून आलं, “आम्ही दोघी.”

नवऱ्याने वळून पाहिलं, माझ्याबरोबर आणखी कोण बाई आहे ते. जिना रिकामा होता. पोटात मुलगी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, तसं सांगायला कायद्याने बंदीच आहे. मला कुठून सुचलं, देव जाणे. एवढं कळलं, की जिला आपण गोळा म्हणत होतो तिला मोजून बसलोय आपण. मी खालच्या पायरीवर बसले. रिक्षावाला विचारत होता, “मॅडम, चलना है क्या?” ऑपरेटरबाई दारात आल्या. बघत राहिल्या, मी काय म्हणते ते. मी मानेनेच नको म्हटलं. मला सगळं पटलं होतं असं समजू नका. माझी भीती तसूभर कमी झाली नव्हती.

आणि डॉक्टर चुकले नव्हते. जुई झाली, तिचे डोळे बघताच मला कळलं. डाउन सिंड्रोम. हृदयालाही भोक होतं, ते पुढे शस्त्रक्रियेने बुजवावं लागलं. बाई दवाखान्यात आल्या तेव्हा मी त्यांच्यावर तुटून पडले. डॉक्टर चुकतात म्हणाला होतात. बाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं.

“मी चुकले. ही नाही चुकलेली.”

त्या दिवसापासून जुईच्या दुपारी त्यांच्या झाल्या. चार वर्षांची होईपर्यंत ती चालली नाही आणि बोलायला त्याहून उशीर लागला. पहिला शब्द ‘आई’ असावा अशी माझी इच्छा. पहिला शब्द निघाला ‘कोण’. आजही ती आधी दार सताड उघडते आणि मग विचारते, कोण? नवरा म्हणतो, चोरालाही ही नाव विचारून पाणी देईल. मी रात्रंदिवस धास्तावलेली. ताप आला की घाबर, हसली तरी घाबर. एकदा बाईंना विचारलं, माझ्यामागे हिचं कोण? त्या म्हणाल्या, मी आहे ना. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग त्यांनी हसणं थांबवलं आणि जुईला एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानात जायला शिकवायला घेतलं. आधी हात धरून, मग दोन पावलं मागे राहून, मग फक्त रस्त्याच्या अलीकडे उभं राहून. मी वर गॅलरीत डोळे मिटून उभी असायचे.

गेल्या थंडीत बाई गेल्या. चार दिवस छातीत कफ झाल्याचं निमित्त. त्यांच्या दाराला भाच्याने कुलूप लावलं. जुई जिन्यातून उतरते, कुलुपाशी थांबते, आपणच ‘जुई’ असं सांगते आणि पुढे जाते. कारण दूध आणायला ती जातेच. मी नको म्हटलं तर ऐकत नाही, ‘बाईंनी सांगितलंय’ म्हणते. नवऱ्याला सोबत पाठवलं तर त्याला परत पाठवते.

भाईंदरचा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. बाइकवाले उलट्या बाजूने येतात, रिक्षा कुठूनही वळतात. मी गॅलरीचं ग्रिल धरून उभी राहते. डोळे मिटायची आता सोय नाही, मिटले तर तिच्यावर कोण लक्ष ठेवणार? पोटात असताना मला हिची भीती वाटायची. आता हिच्यासाठी वाटते, आणि ही भीती त्याहून मोठी आहे. काल दूध घेऊन परतताना पोरगी भर रस्त्याच्या मधोमध थांबली, वर मान केली आणि पिशवी उंच धरून मला दाखवायला लागली. हॉर्न वाजत होते. मी वरून जिवाच्या आकांताने ओरडत होते, अगं बाई, दिसलं, दिसलं, आधी इकडे ये.