तिसऱ्या बेसकडे माघारी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात मुलींचा बेसबॉल संघ उभा राहिला. त्यातल्या बहुतेकजणी खो-खोतून आल्या होत्या. धावायला त्या तरबेज होत्या. अडचण मागे फिरण्याची होती. खो-खोत पाठलाग करताना एकदा दिशा घेतली की माघारी वळणे म्हणजे फाऊल. बेसबॉलमध्ये मात्र मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या बेसना ओळीने पाय लावला तरच धाव पुरी होते; एखाद्याला पाय लागायचा राहिला, तर परत जाऊन तो लावावा लागतो.

सर सरावात पुन्हा पुन्हा सांगत, "पंच स्वतःहून काही बोलणार नाही. समोरच्यांनी चेंडू घेऊन त्या बेसवर दाद मागितली, की तुम्ही बाद. त्याआधी परत या." मुली माना डोलवत आणि पुढेच पळत.

सर्वांत वेगवान मुलगी मखमलाबादकडच्या फूलशेतीवाल्या घरातली होती. मनमाडच्या संघाशी सामना ठरला. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. तिच्या वडिलांनी आधीच बजावले होते, "जिंकल्या तर जा. नाय तर खेळ बंद, झेंडू तोडायला यायचं." सामन्याला ते स्वतः आले आणि सायकल कुंपणाला टेकवून उभे राहिले.

शेवटच्या डावात बरोबरी होती आणि फलंदाजी आमची. ती पहिल्या बेसवर होती. फटका लांब गेला. दुसरा बेस तिने नीट घेतला, तिसऱ्याला मात्र आतून वळसा घातला. धावणाऱ्यांना सूचना द्यायला मी तिथेच रेषेबाहेर उभी होते. तिचा पाय बेसच्या अलीकडे पडला. पंच गप्प राहिला. पण तिसऱ्या बेसवरच्या मनमाडच्या मुलीने ते पाहिले होते. तिने हातमोजा उंचावून चेंडू मागितला.

धावणारीला हात लावून अडवायची मला मनाई होती. ओरडता येत होते.

"अगं, मागे फिर! बेस राहिला!"

ती अर्ध्या वाटेत थबकली. "फाऊल होईल ना, ताई!"

"हा खो-खो नाही, बाई! फिर!"

ती फिरली. कुंपणाबाहेर गलका झाला, "फाऊल! फाऊल!" कुणीतरी ओरडले, "अरे, ही तर माहेरी निघाली!" तिने मातीत झेप घेतली. हात बेसला लागला आणि मग चेंडू आला. पंचाने दोन्ही हात पसरले. ती वाचली.

पुढचा फटका जेमतेम होता, पण तेवढ्यात तिने 'घर', म्हणजे शेवटचा बेस, गाठले. आम्ही जिंकलो.

वडील आत आले. तिच्या कोपरावरची माती त्यांनी झटकली.

"पोचतच आली होती की. माघारी कशापायी गेली?"

"पाय लागला नव्हता, दादा."

"कुनी पाहिलं?"

"त्यांच्या पोरीनं. बाद झाले असते."

त्यांनी तिसऱ्या बेसकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "स्पर्धेची गाडी कुठून धरायची हाय?"