दैवशालानं यंत्र सुरू केलं

२२ एप्रिल २०२४ रोजी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या हिशेबात १,८४,२५० रुपयांचं नुकसान लिहिलं गेलं. बेबीनंदानं चुकीच्या थप्पीवरचं पोतं बी निवडायच्या चालू यंत्रात ओतलं आणि सोयाबीनचे दोन वाण एकमेकांत मिसळले. दाणे दिसायला सारखेच. पण असं बी पेरणीला विकता येत नाही. तेलाच्या गिरणीला मोंढ्याच्या, म्हणजे साध्या धान्याच्या भावानं देऊन टाकावं लागतं.

रिकाम्या पोत्याची चिठ्ठी नजरेस पडताच बेबीनंदा धावत मुकादमिणीकडं, दैवशालाकडं आली. "अक्का, घात झाला. हे पोतं दुसऱ्या थप्पीचं व्हतं."

दैवशालानं आधी यंत्र बंद केलं, मग तिला पाणी दिलं. "बस जरा. मंग दोघी मिळून बघू, कुठवर गेलंय ते."

दैवशाला मूळची कुंभार पिंपळगावची. याच शेडमध्ये झाडू मारायला लागली आणि बायांची मुकादमीण झाली, पण राहिली रोजंदारीवरच. यंदा एक मेला कायम होणाऱ्यांत तिचं नाव पहिलं होतं. तिची काम करून घेण्याची एक रीत होती. एखादी बाई घरून भांडून आली, की तिला ते चालीवरूनच कळायचं. ती काही विचारायची नाही. त्या बाईला पोती शिवायच्या टोकाला बसवायची, म्हणजे मान खाली घालून काम करता येतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र भाकरी घेऊन तिच्याच शेजारी जाऊन बसायची. "सगळ्यांसमोर विचारलं तर बाई खोटंच सांगते," असं तिचं म्हणणं.

मालकाचा मुलगा श्रेयांस मनानं वाईट नव्हता. वरिष्ठानं हाताखालच्या माणसांची मनं कशी ओळखावीत, याचं शिबिर तो पुण्यात करून आला होता. आल्यावर त्यानं 'मनमोकळी दहा मिनिटं' सुरू केली. रोज सकाळी सगळ्यांनी अंगणात जमायचं. आदल्या दिवशी ज्याचं चुकलं त्यानं पुढं येऊन चूक सांगायची, आपल्याला काय वाटलं तेही सांगायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिला नंबर साहेबराव हमालाचा लागला. महिनाभर पोरं त्याला हाका मारत होती, "काय कबुलीवाले, आज कसं वाटून राह्यलं?" त्यानंतर अंगणात कोणाच्या हातून चूक झाल्याचं ऐकूच आलं नाही. श्रेयांसला वाटलं, शिबिराचा गुण आला.

त्या संध्याकाळी त्यानं दैवशालाला बोलावलं. "उद्या बेबीनंदाला पुढं उभं करा. मन हलकं होईल तिचं."

"न्हाई होणार, शेठ. उद्यापासून ती कामालाच यायची न्हाई."

"एवढा खर्चा कंपनीनं सोसला. तिनं दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?"

"ते दोन शब्द ती मला तिथल्या तिथं बोलली, म्हणून एवढ्यावर भागलं. भिऊन गप बसली असती तर पोती शिवून गावोगाव गेली असती. मंग तुमी कोणाला पुढं उभं केलं असतं?"

"दैवशालाबाई, तुमचा कायमचा आदेश माझ्याच टेबलावर आहे."

"टेबल तुमचं, आदेशबी तुमचा. बाया माझ्या हायेत."

सकाळी ती स्वतः बेबीनंदाच्या घरी जाऊन तिला घेऊन आली. अंगणात सगळे जमले आणि श्रेयांसनं बेबीनंदाचं नाव पुकारलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि पाऊल उचललं. तेवढ्यात दैवशाला वळली, तडक शेडमध्ये गेली आणि तिनं हिरवं बटण दाबलं. यंत्र धडधडायला लागलं. अंगणात श्रेयांसचे नुसते ओठ हलत राहिले.

"चला गं बाया, जल्दी!" दैवशालाचा आवाज यंत्रापेक्षा मोठा होता. बाया हसू दाबत आत शिरल्या. बेबीनंदा मागं रेंगाळली, तशी दैवशालानं तिला कालच्याच जागी उभं केलं. "आजबी तूच ओत. आधी चिठ्ठी वाच, मंग सुतळी तोड."

श्रेयांस तावातावानं आत आला. "हे बराबर नाही केलं तुम्ही!"

"काय म्हणता, शेठ? ऐकू येत न्हाई!" तिला स्वच्छ ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभेच्या वेळेला यंत्र पुन्हा सुरू झालं, तिसऱ्या दिवशीही. पुढं सभा भरायचीच बंद झाली. श्रेयांसनं उद्धटपणाबद्दल दैवशालाची अर्धी हजेरी कापली, आणि एक मेच्या आदेशात तिचं नाव आलं नाही. बाया म्हणाल्या, "अक्का, माफी मागून मोकळी व्हय."

"कशाची मागू? सांगा, लगेच मागते."

बाया आपापल्या पोत्यांकडं वळल्या.

जूनमध्ये ऐन घाईत बेबीनंदानं एकदा यंत्र थांबवायला लावलं. पोत्याच्या चिठ्ठीवरचा आकडा पुसट होता. पाहिलं तर पोतं बरोबर निघालं. श्रेयांस तिथंच उभा होता. यंत्र पुन्हा सुरू झालं.

दैवशाला अजून रोजंदारीवरच आहे. दर पगाराला ती खिडकीशी उभी राहून कापलेली हजेरी मागते. त्या अर्ध्या हजेरीचे दोनशे दहा रुपये कंपनीकडून तिला अजून येणे आहेत.