रंग ताजा हाय

कुणाच्याही घरी गेले की अप्पा आधी भिंतीला बोट लावायचे. मग ते बोट अंगठ्यावर घासून बघायचे आणि निकाल द्यायचे, "रंग ताजा हाय," नाहीतर, "जुना हाय, म्हंजी खरा हाय." यजमान बिचारा चहाचा ट्रे घेऊन उभाच.

उदगीरच्या आमच्या गल्लीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. बरीच वर्षं अरब देशांत होते. तिकडची सरकारं चांगल्या कामाला पुरस्कार देतात. कचेऱ्या, दवाखाने, पाणीपुरवठ्याची खाती अर्ज करतात आणि अप्पांसारखे परीक्षक जाऊन कसोट्या लावून गुण देतात. साहेब कसा आहे, हाताखालची माणसं खूश आहेत का, ठरवलेलं काम खरंच होतं का. कारखान्यात माल तपासणारा आमचा माणूस तिकडे अख्ख्या कचेऱ्या कसा तपासायला लागला, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. विचारलं की म्हणायचे, "माल काय अन् साहेब काय, उलटून बघायचं."

परीक्षक येणार म्हटलं की कचेरी नटते, हे त्यांना पाठ होतं. "एका ठिकाणी तक्रारपेटी लई चकचकीत व्हती. मी म्हणलं, उघडा. तर किल्ली कुणाकडंच न्हाई! साहेब म्हणला, कहवा घ्या, खजूर घ्या. घेतला की कहवा. अन् गुण कापले."

एकदा ते सुट्टीवर आले असताना माझ्या कॉलेजात तपासणीची समिती यायची होती, तेव्हा मी हौसेनं त्यांना तयारी दाखवायला नेलं. व्हरांड्यातल्या कुंड्या बघून ते म्हणाले, "सर, ह्या भाड्याच्या हायत."

"कशावरून?"

"खाली पाण्याचा डाग कुठाय?"

प्राचार्य माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच फितूर झालोय.

त्यांची लाडकी कसोटी मात्र एकच होती. "साहेब रजेवर गेला की काम थांबतं का? थांबत नसंल, तर कचेरी चांगली." हे ते इतक्या ठामपणे सांगायचे की तुम्हीही मान डोलावली असती. मीही डोलावली.

मग ते कायमचे परत आले, आणि सगळा घोटाळा झाला. घर, किराणा दुकान, मुलीचं लग्न, सगळं त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, एकटीनं निभावलं होतं. अप्पा नळाला हात लावायला गेले की वहिनी म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, झालंय ते." दुकानात बसले की, "तुम्ही आराम करा." सकाळची लिंगपूजा आटोपली की त्यांना दिवसभर काही कामच उरायचं नाही. ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचे.

"सर, घराला पूर्ण गुण द्यायला पायजेत," एक दिवस ते म्हणाले. "मी नसताना एक काम थांबलं न्हाई. मग मी हितं काय करायलोय?"

"अहो, घर आहे ते. कचेरी नाही."

"पुरावा?"

माझ्याकडे कसला पुरावा असणार! मी हसलो, पण त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. परीक्षक पाठवणाऱ्या तिकडच्या जुन्या कंपनीचा फोन आला आणि ते पुन्हा तिकडे निघून गेले. स्टेशनवर पोचवायला मीच गेलो होतो.

ते गेल्यावर आठवडाभरात वहिनींचं दुकान दुपारी बंद राहायला लागलं. मी विचारलं तर त्या पायरीवरच बसल्या. "गुडघे चालंनात, सर. ते सुट्टीवर येणार म्हणलं की आठ दिस आधीपासून सगळं नीट करून ठेवायची. फोनवर बी, सगळं ठीक हाय. तिकडं जीवाला घोर नगो म्हणून. आता कायमचे आले तर म्हणलं, लई राबले, बसू द्यावं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पाव्हण्यासारखं ठिवलं, अन् पाव्हण्यासारखेच गेले."

जन्मभर दुसऱ्यांची रंगरंगोटी ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ओळखू आली नव्हती. हे त्यांना सांगावं की नाही, ते माझं मला ठरेना. "सांगा की तुम्हीच," म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "नगो. परत घोर लागंल."

शुक्रवारी तिकडे सुट्टी असते. त्या दिवशी अप्पांचा व्हिडिओ कॉल येतो आणि फोन धरायला वहिनी मला हाक मारतात. परवा गेलो, तर बैठकीत ओल धरून भिंतींचे पोपडे निघालेले. फक्त वहिनी उभ्या होत्या तिथली, फोनमध्ये मावेल एवढी भिंत आकाशी रंगवलेली होती.

"हाव, सगळं ठीक हाय," वहिनी सांगत होत्या.

अप्पा त्यांच्या मागे बघत होते. मग म्हणाले, "सर, जरा त्या भिंतीला बोट लावता का?"

वहिनींनी मला मानेनं नको म्हटलं. मी काय करावं, तुम्हीच सांगा. मी बोट लावलं. ते निळं झालं. मी ते फोनसमोर धरलं.

तिकडून अप्पांचं बोट पुढे आलं. मोठं होत होत पडदाभर झालं. मग त्यामागून त्यांचा आवाज आला, "अगं, बाकीची भिंत कोण रंगवणार?"

वहिनी तोंडाला पदर लावून तिथंच उभ्या राहिल्या.