बत्तीशी शाबूत

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या त्याच दवाखान्यासमोरून चाललो होतो, जिथे इतकी वर्षं तिला सुईसाठी आणत असे. "मामा, आई झोपेतच गेली... हार्टचं म्हणतेत," भाचा म्हणाला. त्याला आता महिना होत आला.

माझी ही थोरली बहीण खुलताबादजवळ शेतावर राहायची. लागोपाठ दुष्काळ पडले, विहीर आटली, आणि अक्का झोपेत दात आवळू लागली. सकाळी जबडा उघडत नसे, ठणका कानापर्यंत जाई. गोळ्या झाल्या, शेक झाला. शेवटी डॉक्टरांनी जबड्याच्या स्नायूत तो ढिला करणारं इंजेक्शन दिलं. पंधरवड्यात तिचा चेहरा सैलावला. "आरं बापू, डोकं हलकं झालं बघ. आधी का नाय आणलंस?" काही महिन्यांनी असर ओसरे, ठणका परते, आम्ही पुन्हा दवाखान्यात. वर्षं अशीच गेली. शहर वाढत शेंद्र्याला भिडलं आणि अक्काचे गाल आत गेले. सुईने दुखणं दबलं, पण जबड्याचा स्नायू वाळला आणि चावायचा जोरही गेला. भाकरी दुधात कुस्करायची, दाणे खलबत्त्यात कुटायचे. "बत्तीशी शाबूत अन् तोंडाचं बोळकं," ती स्वतःच हसायची.

सुई थांबवली तर स्नायू कदाचित भरेल, दुखणं मात्र परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. किती भरेल, हे त्यांनाही सांगता येईना.

यंदा पाऊस झाला, रानात ज्वारी उभी राहिली. अक्काने सुई बंद केली. "लई वर्षांनी हुरडा येतोय. माझ्या दातानं खाईन." ठणका परतलाच. गालाला गरम फडकं बांधून ती थंडीची वाट बघत राहिली.

हुरड्याला आम्ही सगळे जमलो. भाच्याने आगटीतलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि पहिली मूठ आईला दिली. ती चावत राहिली... जबडा थरथरू लागला, डोळे भरले. तिने पदराआड घास काढला. "धूर लई हाय," म्हणाली आणि सुनेकडून खलबत्ता मागून घेतला. कुटलेला हुरडा बोटाने चाटून झाल्यावर माझ्याकडे न बघता बोलली, "चव तीच हाय रं... पण हे खाणं नव्हं."

त्याच आठवड्यात अक्का गेली; तो न धुतलेला खलबत्ता आता माझ्याकडे आहे. तळाशी हुरड्याचा हिरवा थर वाळून बसलाय. दाणे कुटायचे असले की बायको त्याला हात न लावता मिक्सर लावते.